पार्किंगसह खोली

हॉटेल राजगंधच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं कुलूप काढून रमाकांतराव रासन्यांनी दार ढकललं, तर आत त्यांच्या बेबीमावशीचा अकोल्याचा हॉल होता. टीव्ही चालू होता. मावशी दिवाणावर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "चपला बाहेर काढ रे. आत्ताच फरशी पुसून घेतलीय."

रमाकांतरावांनी निमूटपणे चपला काढल्या.

मंदाकिनीबाईंनी काढल्या नाहीत. त्या उंबऱ्याबाहेर हॉटेलच्या तांबड्या गालिच्यावर उभ्या राहिल्या आणि मावशीच्या डोक्यावरून पलीकडच्या खिडकीकडे बघू लागल्या. या खिडकीतून संग्रहालयाचा घुमट दिसतो, असं हॉटेलवाल्यांनी फोनवर शपथेवर सांगितलं होतं. खिडकीतून पिठाची गिरणी दिसत होती. ऊनही अकोल्याचंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

"मावशी, तुम्ही अकोल्याला असता ना?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मग? अकोल्याला काय झालं?" मावशी म्हणाली. "इतक्या लांब गाडी हाकत आलात आणि हॉटेलात उतरायला निघालात. आम्ही मेलो होतो का?"

या शहरात आपलं कुणीही नाही, ही या शहराची सगळ्यात मोठी सोय आहे, असं रमाकांतराव इचलकरंजीपासून सांगत आले होते. शहर संग्रहालयांचं. नाण्यांचं एक, घड्याळांचं एक, वाद्यांचं एक, नुसत्या अडकित्त्यांचंही एक. रमाकांतरावांनी महिनाभर आधी नकाशा पसरून सगळ्यांच्या मध्ये एक वर्तुळ काढलं होतं आणि त्या वर्तुळातली हॉटेलं निवडली होती. अट एकच. गाडी आवारात, छपराखाली लागली पाहिजे आणि खोलीतून दिसली पाहिजे. रात्री उठून एकदा बघितलं की ती आहे, की त्यांना झोप लागे. बायको शेजारी आहे की नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत उठून कधी बघितलं नव्हतं.

मंदाकिनीबाईंना नाणी बघायची नव्हती आणि अडकित्ते तर मुळीच नाही. त्यांना एका संग्रहालयातला एकच बंब हवा होता. तांब्याचा, वीतभर उंचीचा, नळी, तोटी आणि दोन कड्या असलेला, आणि खरोखर पेटणारा. त्यांचे वडील तांबट होते. मंदाकिनीबाई पहिलीत असताना भातुकलीसाठी तो घरात आला आणि त्यात तापवलेल्या पाण्याने बाहुलीला दर रविवारी न्हायला मिळे. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, पद्माकरदादाने, दुकान आवरलं आणि दुकानातल्या हत्यारांसोबत ती भातुकलीही या संग्रहालयाला देऊन टाकली. मंदाकिनीबाईंना ते वर्तमानपत्रातून कळलं. फोटोत दादाच्या अंगावर शाल होती आणि हातात श्रीफळ. त्या दिवसापासून त्या भावाशी बोलत नव्हत्या.

आता संग्रहालयाचं ते दालन बंद होत होतं. सकाळी संग्रहालयाची फोनवरची बाई म्हणाली होती, "आज पाचला सगळं पेट्यांत जाणार. एकदा गेलं की गोदामातून काही निघत नाही. तुमचं असेल तर पाचच्या आत या, ओळखा आणि घेऊन जा."

म्हणून मंदाकिनीबाईंचं म्हणणं होतं की गाडी थेट संग्रहालयाच्या दारात न्या. आणि रमाकांतराव म्हणाले होते, जे त्यांच्यासारखा प्रत्येक माणूस प्रत्येक गावात शिरताना म्हणतो: "आधी खोली घेऊ. सामान टाकू, जरा फ्रेश होऊ, मग निवांत म्युझियम."

तर आता ते निवांत बेबीमावशीच्या दिवाणावर बसले होते आणि पोहे खात होते.

"अहो, उठा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून दार ओढलं. या बोलण्यात त्या कधी आत आल्या आणि दार कधी लागलं, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दार उघडेना. दाराला काहीच झालं नव्हतं. चहा व्हायचा होता.

चहा झाला. मंदाकिनीबाईंनी तो उभ्यानेच, जीभ भाजत, एका दमात संपवला. मग मावशीने कुंकवाचा करंडा आणला आणि ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. "सवाशीण रिकामी जाऊ नये," मावशी म्हणाली आणि दार आपोआप उघडलं.

खाली काउंटरवर टाय लावलेला मनुष्य होता. रमाकांतरावांनी त्याच्यापुढे किल्ली ठेवली.

"खोलीत मावशी आहे," ते म्हणाले.

"डिलक्समध्ये मावशीच असते, सर. सूटमध्ये आत्या मिळेल."

"नातेवाईक नसलेली खोली नाही का?"

"पार्किंगसह खोलीत नातेवाईक येतातच. बिनपार्किंगच्या रिकाम्या असतात." तो जरा पुढे झुकला. "सर, गाडी घेऊन आलेल्या माणसाला कुणाकडे तरी उतरावंच लागतं. गाडी आहे म्हटल्यावर न येण्याला कारण काय सांगणार?"

यावर रमाकांतरावांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. मंदाकिनीबाईंना नवऱ्याच्या त्या मानेचा इतका राग आला की ओटीतला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला, उगाच कुणाला लागायला नको म्हणून.

"आता सरळ म्युझियम," गाडीत बसताना त्या म्हणाल्या.

"वाटेतच एक आहे बघ. लॉज मध्यवर्ती. लोकांनी लिहिलंय, 'कर्मचारी नम्र, गाडीस प्रशस्त जागा.' एकच मिनिट. नुसती खोली बघू. बघायला काय जातं?"

लॉज मध्यवर्तीच्या खोलीत रमाकांतरावांचे आतेभाऊ शरदराव होते. ते रुसलेले होते. खोलीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते आणि भिंतीकडे बघत होते.

"या," ते भिंतीला म्हणाले. "आम्ही काय, साधी माणसं. आमच्याकडे कोण उतरतंय."

"असं काय बोलतोस, शरद," रमाकांतराव म्हणाले.

"माझ्या पोरीच्या लग्नाला हॉटेलात उतरलात. कार्यालयात थेट अक्षतांना आलात. लोक विचारत होते, मी काय सांगायचं?"

रमाकांतराव समजूत काढायला बसले. शरदरावांच्या रुसव्याला कडेकडेने कुरतडावं लागे, एकदम हात घालून चालत नसे. गेल्या खेपेला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. मंदाकिनीबाईंनी घड्याळ बघितलं. हॉटेलातून निघाल्यापासून काटा इतका पुढे आला होता की मधली दुपार कुणी तरी खाऊन टाकली असावी.

"शरदभाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या संडासाला आतून कडी नाही. माणूस आत गाणं म्हणत बसतो. म्हणून आम्ही हॉटेलात उतरलो. झालं? आता तोंड फिरवा आणि आम्हाला जाऊ द्या."

शरदराव खुर्चीसकट फिरले. दुसऱ्या बाजूनेही त्यांची पाठच होती.

पाठीखालून एक हात आला आणि त्याने चहाचा कप पुढे केला. "साखर बरी आहे का?" शरदराव म्हणाले. आवाज शर्टाच्या मधल्या शिवणीतून येत होता. मंदाकिनीबाईंनी चहा घेतला. ओटीही घेतली. त्या घरात ओटी भरायला बाई दिसत नव्हती, पण खाली बघितलं तेव्हा पदर भरलेला होता आणि नारळ दोन होते.

त्यानंतर शहर अरुंद होत गेलं. रमाकांतराव ज्या ज्या आवारात गाडी घालत, तिथे वरच्या गॅलरीत कुणी तरी वाळत घातलेला टॉवेल बाजूला करून म्हणे, "अरे, हे तर आपले रमाकांत." मंदाकिनीबाई आता खोल्या बघायला जात नव्हत्या. त्या गाडीतच बसून राहत आणि रमाकांतराव परत येत ते नारळ, लोणच्याची बरणी आणि वरच्या गॅलरीतून फेकलेले खण घेऊन. ओटी नवऱ्याच्या हाती पाठवायची असते हे मंदाकिनीबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पण राग ऐकल्या-न ऐकल्याचा नव्हता. मागची सीट नारळांनी भरली. मग पायांतली जागा भरली. मग गियर बदलायला जागा राहिली नाही आणि गाडी दुसऱ्यातच चालू लागली.

प्रत्येक चौकात संग्रहालयाचा घुमट दिसे. डावीकडे दिसे तेव्हा डावं वळण बंद असे.

शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी एक लॉज आलं. त्याला नावही नव्हतं, नुसतं 'राहण्याची सोय' लिहिलेलं होतं. मंदाकिनीबाई नारळ बाजूला सारत उतरल्या आणि कुणाला न विचारता जिना चढल्या. वरची खोली उघडी होती. आत एक खाट, एक खुर्ची, एक माठ. माणूस नाही. त्या खाटेवर बसल्या. खिडकीत घुमट होता, इतका जवळ की त्याच्यावरच्या कबुतरांचे पाय मोजता आले असते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या जबड्याची पकड ढिली झाली.

रमाकांतराव धापा टाकत वर आले. त्यांनी गादी दाबून बघितली, दिवा लावून बघितला, नळ सोडून बघितला. नळाला पाणी होतं, गरमही होतं.

"घ्या ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

रमाकांतराव खिडकीशी गेले. मान लांब करून खाली बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"गाडी दिसत नाही गं इथून."

"नाही दिसत."

"गल्लीत लावावी लागेल. नवी गाडी. येता-जाता कुणी खिळा ओढला म्हणजे?"

"ओढू दे."

"अगं असं कसं ओढू दे? तुझ्या त्या बंबासाठी मी एवढी गाडी हाकत आणलं ना तुला? मग जरा माझंही..."

"तुम्हाला गाडी दिसायला हवी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी नाही दिसले तरी चालतं. लग्नाच्या मांडवात तुम्ही अंतरपाटाच्या वरून बाहेर बघत होतात, वरातीची गाडी उन्हात तापते म्हणून. मला वाटलं होतं लाजताय. मी चाळीस वर्षं तेच समजत होते."

तेव्हा रमाकांतरावांनी ते वाक्य म्हटलं, जे अशा वेळी हाताशी असतंच.

"तू हो पुढे. मी गाडी लावून येतो."

संग्रहालयाच्या तिकीट-खिडकीत एक गृहस्थ डबा उघडून जेवत होते.

"कुणाकडे उतरलात?" त्यांनी भाकरी मोडत विचारलं.

"कुणाकडे नाही. तिकीट द्या."

"कुठे तरी उतरल्याशिवाय आत सोडत नाही, ताई. माणूस वस्तू बघतो, त्याला आपलं घर आठवतं, मग परत कुठे जायचं हे ठाऊक नसलं की इथेच फिरत राहतो. फार त्रास होतो झाडायला."

"रस्त्यावर उतरलेय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. पण गृहस्थांच्या डब्यातलं कालवण हललं.

"रस्ता चालतो. गाडी?"

"गाडी फिरतेय."

"मग ठीक." त्यांनी तिकीट दिलं नाही, किल्ली दिली. "तांबट दालन, सरळ शेवटी. कुलूप जरा उचलून काढा."

मंदाकिनीबाईंनी कुलूप उचलून काढलं. आत पद्माकरदादाचं स्वयंपाकघर होतं.

त्यांना धक्का बसला नाही. आतून कुठून तरी त्या दिवसभर इथेच येत होत्या, आणि तेच त्यांना सगळ्यांत संतापजनक वाटलं. तोच ओटा, तीच वहिनींची पांढरी बरणी. दादा पाटावर बसला होता. म्हातारा झाला होता. त्याने तेवढंसुद्धा कळवलं नव्हतं.

"ये, मंदे," दादा म्हणाला. "उतरायला थेट इकडेच यायचंस."

"मी उतरायला आले नाही. बंब न्यायला आलेय."

"आधी हातपाय धुवा, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पाणी ठेवलंय."

पाणी बंबात ठेवलं होतं. ओट्यावर तो उभा होता, वीतभर, नळीतून निखारे लाल दिसत होते आणि तोटीच्या तोंडाशी वाफ धरली होती. कडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: तांबटकाम, खेळणे, देणगी पद्माकर तांबट. मंदाकिनीबाईंनी एक कडी पकडली. तापली होती. त्यांनी सोडली नाही.

"कुणाला विचारून दिलास?"

"माझी वस्तू. कुणाला विचारायचं?"

"तुझी? बाबांनी माझ्यासाठी केला हा."

"बाबांनी पत्रा कापून दिला," दादा म्हणाला. तो पाटावरून उठला आणि त्याने दुसरी कडी धरली. "म्हणाले, बहिणीसाठी ठोक. उन्हाळ्याची सुट्टी होती. पोरं बाहेर विटीदांडू खेळत होती, आणि मी भट्टीपाशी बसून ठोकत होतो. एक ठोका चुकला की कानाखाली एक. तयार झाला तेव्हा बाबांनी वरून हलके ठोके देत, मठारून गुळगुळीत केला आणि तुझ्या हातात दिला. तू नाचत त्यांच्या गळ्यात पडलीस. ते हसले. माझ्यासमोर ते तसे कधी हसले नाहीत. मी तिथेच होतो, मंदे. तू एकदा मान वळवायचीस."

"खोटं बोलतोस."

"झाकण काढ. आत बघ."

मंदाकिनीबाईंनी मोकळ्या हाताने झाकण काढलं. बाहेरून बंबावर वडिलांचे ठोके होते, एकासारखा एक, ओळीत. आत, उकळत्या पाण्याखाली, दुसरे होते. लहान, वाकडे, एकमेकांवर चढलेले. काही ठिकाणी एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलेले, जसं रागाने मारतात.

त्यांना हे माहीत नव्हतं. बाहुलीला न्हाऊ घालताना आत कोण बघतं?

पण राग काही उतरला नाही. नुसता इकडून तिकडे झाला आणि बसायला जागा शोधू लागला.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलं का नाहीस? पेपर वाचलास आणि फोन करून चोर म्हणालीस."

"मला द्यायचास. परक्यांना कशाला दिलास?"

"तुझ्या घरी त्याला बाबांचा म्हणून मिरवला असतास. इथे निदान माझं नाव आहे."

"देणगीदार म्हणून. कारागीर म्हणून कुठे आहे?"

दादाने कडी आणखी घट्ट धरली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मध्येच थांबल्या होत्या. खिडकीबाहेरून रमाकांतराव गाडीतून गेले, मान बाहेर काढून, जागा शोधत. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच दिशेने गेले.

पाच वाजले. मागच्या दाराने फोनवरची बाई आली. आवाजावरून ओळखू आली. तिच्यामागून निळ्या कपड्यांतले दोघे फळ्या, खिळे आणि पेंढ्याची पोती घेऊन आले.

"ओळखलंत का?" बाईने विचारलं. "कुणाचा?"

"माझा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"माझा," दादा म्हणाला.

"एकाने सोडा. म्हणजे दुसऱ्याचा असं धरता येईल."

मंदाकिनीबाईंचा तळवा भाजत होता. दादाचाही भाजत असणार, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो आधी सोडेल असं त्यांना वाटलं. समोरून तो त्यांच्याकडे अगदी तसंच बघत होता. त्याने बंब सोडला असता तर त्यांनी कदाचित तो त्यालाच दिला असता. पण आधी त्याने सोडायला हवा होता.

"सोडत नाहीत, बाई," निळ्या कपड्यांतला एक म्हणाला.

"असू दे. आहे तसा जाऊ दे."

त्यांनी ओट्याभोवती आणि दोघांभोवती फळ्या उभ्या केल्या. काम सफाईदार होतं. कोपरं लागू नयेत म्हणून एकाने "ताई, जरा हात आत घ्या" असं अदबीने सांगितलंही. मंदाकिनीबाईंनी जो मोकळा होता तो हात आत घेतला आणि मग त्यानेही तीच कडी धरली, कारण दादानेही दोन्ही हात लावले होते. वहिनींचा ट्रे फळीच्या पलीकडे गेला. पोती उलटी झाली. पेंढा गुडघ्यांपर्यंत आला, मग कमरेपर्यंत, मग बंबाच्या बुडाला टेकला.

"दादा, सोड," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तू सोड."

वर झाकण सरकू लागलं. उजेडाची पट्टी बारीक होत गेली. बंबाची नळी एकदा तडतडली आणि तिच्यातून एक ठिणगी उडून पेंढ्यावर पडली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले, कारण हात कुणाचाच मोकळा नव्हता.